नंबर न साठवता कॉल लावणारं यंत्र: स्ट्रॉजर एक्स्चेंजच्या आत काय चालायचं

विचारलेलं थोडक्यात असं: गोल डायलच्या फोनच्या जमान्यात एक्स्चेंजमध्ये ना संगणक होता ना चिप. मग आपण पाच आकडे फिरवले की एक्स्चेंज तो नंबर कुठे लिहून ठेवायचं, आणि हजारो लाइनींतून नेमकी एकच घंटी कशी वाजवायचं? सोबत तीन शंका आहेत. नंबर अर्धाच फिरवलेला असताना मध्येच एंगेज टोन का यायचा? आपण रिसीव्हर ठेवून पुन्हा उचलला तरी समोरचा माणूस लाइनवर कसा असायचा? आणि निनावी फोन करून छळणाऱ्याला शोधणं इतकं किचकट का होतं?

मुख्य प्रश्नाचं उत्तर एवढंच की नंबर कुठेच लिहून ठेवला जात नव्हता. डायल परत फिरताना जे ठोके देई, त्या ठोक्यांनीच एक्स्चेंजमधलं यंत्र थेट हलायचं. आकडा आला, यंत्र तेवढं सरकलं, आकडा खर्च झाला. पाचवा आकडा येईपर्यंत पहिल्या आकड्याची नोंद म्हणून फक्त एक दांडा कुठल्या तरी रॅकवर तिसऱ्या पायरीला उभा असायचा. तिन्ही शंकांची उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

माझी नोकरी स्ट्रॉजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये गेली, म्हणून तीच पद्धत सांगतो. पॅनेल, रोटरी, क्रॉसबार ही वेगळी घराणी आहेत, त्यातल्या काहींचा उल्लेख शेवटाकडे ओझरता येईल.

आल्मन ब्राउन स्ट्रॉजर हा अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचा. धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. प्रतिस्पर्ध्याच्या घरातली बाई एक्स्चेंजवर ऑपरेटर होती आणि स्ट्रॉजरची गिऱ्हाइकं ती तिकडे वळवायची, म्हणून यानं ऑपरेटरच नको असं यंत्र शोधलं, ही गोष्ट आमच्या ट्रेनिंगमध्येही सांगायचे. खरीखोटी देव जाणे, पण पेटंट खरं आहे: अर्ज 1889चा, मंजुरी 10 मार्च 1891ची. इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात 3 नोव्हेंबर 1892 रोजी या पद्धतीचं पहिलं सार्वजनिक एक्स्चेंज सुरू झालं, जेमतेम पाऊणशे ग्राहकांसाठी. तेव्हा फोनला डायल नव्हती. बटणं होती, आणि दहाच्या जागी किती, एककाच्या जागी किती हे ग्राहकानं स्वतः मोजून दाबायचं. त्यासाठी प्रत्येक घराकडे वेगळ्या तारा ओढायला लागायच्या. 1896च्या सुमारास स्ट्रॉजरच्या कंपनीतल्या कीथ आणि एरिक्सन बंधूंनी बोटानं फिरवायची चकती आणली आणि पुढे दोन तारांवर सगळं भागू लागलं. आपल्याकडे पहिलं ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं ते 1913-14मध्ये सिमल्याला, 700 लाइनींचं. साहेबांची उन्हाळी राजधानी, तिथेच आधी येणार! स्वातंत्र्यानंतर 1948मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली आणि लिव्हरपूलच्या कंपनीच्या सहकार्यानं तिथे स्ट्रॉजर बनू लागलं. त्यामुळे आमच्या रॅकवरची अक्षरं, रिलेंची (म्हणजे करंट आला की ओढल्या जाणाऱ्या चुंबकी स्विचांची) नावं, सर्किटचे नकाशे, सगळं ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या वळणाचं.

आता डायलपासून सुरू करू. फोन खाली ठेवलेला असताना दोन तारांमधून डीसी करंट वाहत नाही. रिसीव्हर उचलला की दोन तारा फोनमधून जोडल्या जातात आणि एक्स्चेंजच्या 50 व्होल्ट बॅटरीचा करंट सुरू होतो. याला लूप म्हणायचं. डायल फिरवताना काही होत नाही. बोट सुटून चकती परत येताना आतला कॅम हा लूप तोडतो-जोडतो, तोडतो-जोडतो. 3 फिरवला तर तीनदा तोडतो, 0 फिरवला तर दहादा. वेग सेकंदाला दहा ठोक्यांचा. आपल्याकडच्या डायलमध्ये एका ठोक्यात सुमारे 67 मिलिसेकंद लूप तुटलेला आणि 33 मिलिसेकंद जोडलेला. परतीचा वेग एकसारखा राहावा म्हणून आत छोटा गव्हर्नर असतो. डायल परत येताना जो बारीक सुर्र आवाज येतो तो त्याचा.

म्हणजे डायल ही फक्त लूप तोडायची सोय आहे. तेच काम रिसीव्हर ठेवायच्या बटणावर बोटानं टकटक करून करता येतं. दुकानदार डायलच्या भोकात छोटं कुलूप घालून ठेवायचे, नोकरानं फोन करू नये म्हणून, आणि पोरं बटणावर ठोके देऊन खुशाल नंबर लावायची. हात बसला की पाच आकडी नंबर सहज लागतो. त्यात जादू काही नव्हती, एक्स्चेंजला लूप कोण तोडतंय याच्याशी कर्तव्य नव्हतं.

एक्स्चेंजमधलं मुख्य यंत्र म्हणजे दोन चालींचा सिलेक्टर. कल्पना करा: एक उभा दांडा, त्यावर पितळी जिभांसारखे वायपर. समोर अर्धगोलाकार बँक, म्हणजे संपर्कबिंदूंचे दहा थर, प्रत्येक थरात दहा बिंदू. दांडा आधी वर चढतो, मग आडवा फिरतो. वर दहा पायऱ्या, आडव्या दहा पायऱ्या, एकूण शंभर जागा. प्रत्येक जागी तीन तारांचे बिंदू असतात. दोन बोलण्याच्या आणि तिसरी पी-वायर. ग्राहकाच्या घरापर्यंत ही तिसरी तार जात नाही, ती एक्स्चेंजच्या आतच असते, पण सगळा कारभार तिच्या जिवावर चालतो. पी-वायरवर अर्थ (इंग्रजीतला ‘अर्थ’, म्हणजे जमिनीशी जोडणी) असेल तर ती जागा व्यापलेली, नसेल तर मोकळी.

प्रत्येक ग्राहकाला असा सिलेक्टर द्यायचा म्हटलं तर कंपनीचं दिवाळं निघेल. ला पोर्टला जवळपास तसंच केलं होतं, म्हणून ते वाढू शकलं नाही. सगळे ग्राहक एकाच वेळी बोलत नाहीत, तेव्हा सिलेक्टर थोडे ठेवायचे आणि मागेल त्याला द्यायचे. प्रत्येक ग्राहकाच्या नावावर फक्त एक स्वस्त, एकाच दिशेनं फिरणारा युनिसिलेक्टर. त्याला पंचवीस बिंदू, त्यातला एक घरचा. रिसीव्हर उचलला की एल रिले ओढला जातो, युनिसिलेक्टर खर्रकन फिरतो, अर्थ असलेले बिंदू ओलांडत जातो आणि पहिल्या मोकळ्या फर्स्ट सिलेक्टरवर थांबतो. मग के रिले एलला बाजूला करतो आणि ग्राहकाच्या दोन्ही तारा त्या सिलेक्टरच्या हवाली होतात. सिलेक्टर पी-वायरवर अर्थ देतो, म्हणजे आता हा दुसऱ्या कुणाला मिळणार नाही, आणि कानात डायल टोन सोडतो. हे सगळं बहुधा रिसीव्हर कानाला लागायच्या आतच झालेलं असे.

समजा तुम्ही 35247 फिरवताय.

3चे तीन ठोके आले. फर्स्ट सिलेक्टरचा दांडा कट-कट-कट करत तिसऱ्या थरावर चढला. पहिल्याच ठोक्याला डायल टोन बंद. आता पुढचा आकडा यायच्या आत सिलेक्टरला स्वतःहून एक काम उरकायचंय: तिसऱ्या थरातल्या दहा बिंदूंवरून आडवं फिरत मोकळा सेकंड सिलेक्टर शोधायचा. तिसऱ्या थरातल्या दहाही वाटा ‘3ने सुरू होणाऱ्या नंबरांकडे’ जातात, कुठलीही चालते. पहिली व्यापलेली, दुसरी व्यापलेली, तिसरी मोकळी, थांबला, जोडला. आता तुमचा लूप सेकंड सिलेक्टरच्या ताब्यात. 5चे पाच ठोके तो खातो, पाचव्या थरावर चढतो, मोकळा थर्ड सिलेक्टर शोधतो. 2चे दोन ठोके थर्ड सिलेक्टर खातो आणि 352च्या शेकड्यातला मोकळा फायनल सिलेक्टर पकडतो. फायनलची रीत वेगळी. तो 4 आला की चौथ्या थरावर चढतो आणि 7 आला की सातव्या बिंदूवर जातो. इथे शोधाशोध नाही, दोन्ही चाली तुमच्या बोटाच्या. चौथा थर, सातवा बिंदू, हीच ती लाइन.

अनोळखी गावात पत्ता विचारत जाणाऱ्या माणसासारखं हे चालतं. चौकात विचारलं, त्यानं पुढचं एक वळण सांगितलं, पुढच्यानं त्याच्या पुढचं. पूर्ण पत्ता वाटेतल्या एकालाही ठाऊक नसतो.

फायनल सिलेक्टर त्या लाइनची पी-वायर तपासतो. अर्थ असेल तर एंगेज टोन. नसेल तर स्वतः अर्थ देऊन लाइन राखतो, त्या ग्राहकाचा के रिले ओढून त्याला युनिसिलेक्टरपासून वेगळं करतो आणि सुमारे 75 व्होल्टचा एसी घंटीला लावतो. ट्रिंग-ट्रिंग, थोडी शांतता, ट्रिंग-ट्रिंग. तुमच्या कानात त्याच तालात रिंगचा आवाज येतो, पण तो समोरच्या घंटीचा नव्हे, तो वेगळा टोन आहे. समोरच्यानं उचललं की तिकडचा लूप पुरा होतो, एफ रिले रिंग तोडतो, तिकडचा डी रिले ओढला जातो आणि तुमच्या मीटरवर एक आकडा पुढे सरकतो. दोघांच्या मायक्रोफोनला लागणारा करंट या फायनल सिलेक्टरमधूनच जातो. तुमच्या बाजूचा ए रिलेच्या वेटोळ्यातून, समोरच्या बाजूचा डीच्या वेटोळ्यातून, आणि मधे कपॅसिटर, म्हणजे आवाज पलीकडे जाईल पण डीसी मिसळणार नाही.

सिलेक्टरला हे कसं कळतं की एक आकडा संपला? आणि ठोक्यातला लूप तुटणं आणि फोन ठेवल्यानं लूप तुटणं यातला फरक तो कसा ओळखतो? घड्याळ नाही, मोजणी नाही. मला विचाराल तर स्ट्रॉजरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे आहे, वर-खाली चालण्यात नाही. तांब्याच्या एका जाड कडीत आहे.

प्रत्येक सिलेक्टरमध्ये ए, बी, सी असे तीन रिले ठोक्यांचं काम बघतात. ए चपळ आहे. लूपबरोबर ओढला जातो, तुटला की सुटतो, ठोक्याला ठोका. बी आणि सी मुद्दाम आळशी केलेले असतात. त्यांच्या गाभ्यावर तांब्याची कडी बसवलेली असते, तिला स्लग म्हणतात. वेटोळ्यातला करंट थांबला की चुंबकत्व ओसरायला लागतं, पण त्या बदलानंच कडीत भोवरी करंट निर्माण होतो आणि तो चुंबकत्वाला धरून ठेवतो. रिले लगेच सुटत नाही, दशांश-दोन दशांश सेकंद रेंगाळतो. बी हा ए ओढलेला असताना भरतो. ठोक्यातल्या 67 मिलिसेकंदांच्या खंडात तो रेंगाळतच असतो, तेवढ्यात लूप पुन्हा जोडला जातो. म्हणून ठोक्यांनी बी सुटत नाही, फोन ठेवला तरच सुटतो. सीचं उलट. तो पहिल्या तुटण्याला ओढला जातो आणि ठोके येत राहतात तोवर रेंगाळत टिकतो. ठोके थांबले, लूप सलग जोडलेला राहिला, की थोड्या वेळानं सी सुटतो. सी सुटला म्हणजे आकडा संपला, आता आडवं फिर.

बस. यंत्राला वेळेची जाण आली ती तांब्याच्या कडीमुळे. म्हणून आम्ही या रिलेंच्या स्प्रिंगांचा ताण आणि फटी गेजनं तपासत बसायचो. केसभर फरक पडला तरी सुटण्याची वेळ बदलते, आणि मग एकाच ग्राहकाची नव्हे, त्या सिलेक्टरवर येणाऱ्या प्रत्येकाची रड सुरू होते. त्यातही हा दोष पकडायला वाईट, कारण तक्रारदार पुन्हा फिरवतो तेव्हा त्याला दुसराच सिलेक्टर मिळतो आणि फोन लागतो.

शोधाशोधीचा वेगही यात गुंतलाय. सिलेक्टर आडवा फिरतो सेकंदाला तीसेक पायऱ्या. दहा पायऱ्यांना साधारण एक तृतीयांश सेकंद. पुढच्या आकड्याचा पहिला ठोका त्याआधी आला तर तो वाया. माणसाला बोट पुढच्या भोकात घालून चकती फिरवायला यापेक्षा जास्त वेळ लागतोच, शिवाय डायलच्या रचनेतच प्रत्येक आकड्यासोबत थोडा निष्क्रिय फेरा ठेवलेला असतो. म्हणजे माणसाच्या हाताचा संथपणा हा या यंत्राचा भागच होता. बटणावर टकटक करणाऱ्यांचे नंबर चुकत ते इथेच, दोन आकड्यांमध्ये पुरेसे थांबत नसत म्हणून.

पावसाळ्यातल्या राँग नंबरांचं कारणही इथलंच. जुन्या केबलमध्ये तारांवर कागदाचं आवरण आणि वर शिशाचं कवच. कवचाला चीर पडली, पाणी शिरलं, की दोन तारांमध्ये थोडा करंट झिरपायला लागतो. मग डायलनं लूप तोडला तरी एक्स्चेंजला तो पूर्ण तुटल्यासारखा दिसत नाही. ए रिले उशिरा सुटतो, वर चढवणाऱ्या मॅग्नेटला अपुरा ठोका मिळतो, एक पायरी हुकते. 5चा 4 होतो. त्यामुळे राँग नंबर कसाही लागत नसे, बहुतेकदा एका आकड्यानं कमी असलेल्या ठिकाणी लागायचा. मुंबईच्या पावसात एखाद्या बिचाऱ्याला दिवसभर शेजारच्या दुकानाचे फोन येत आणि तो आमच्या 198 या तक्रारीच्या नंबरला फोन करून भांडायचा. दोष त्याच्या लाइनीत नसायचाच.

याच कारणानं 1नं सुरू होणारे नंबर ग्राहकांना देत नसत. रिसीव्हर उचलताना बटण चुकून एकदा हललं तरी एक्स्चेंजला 1 फिरवल्यासारखं वाटतं. म्हणून तो थर 197, 198, 180 अशा खास सेवांना ठेवायचा.

आता पहिली शंका, मध्येच येणारा एंगेज टोन. वर सांगितलं की सिलेक्टर एका थरातल्या दहा वाटा तपासतो. दहाही व्यापलेल्या निघाल्या तर तो अकराव्या पायरीला जातो आणि तिथे एंगेज टोन जोडलेला असतो. 3 आणि 5 फिरवलेत, अजून तीन आकडे बाकी आहेत, आणि कानात टूं-टूं. समोरच्याचा फोन एंगेज आहे की नाही याचा पत्ताच नाही, तिथवर तुम्ही पोचलाच नाहीत. लोकांना वाटायचं अमका सदानकदा बोलतच असतो. यापेक्षा फसवा प्रकार फायनलजवळचा. 352च्या शेकड्यातल्या शंभर ग्राहकांसाठी समजा दहाच फायनल सिलेक्टर आहेत. त्या शंभरातल्या दहा जणांना बाहेरून फोन आलेले असले की अकरावा फोन आत येऊच शकत नाही, मग तुमचा माणूस फोनसमोर हातावर हात धरून का बसलेला असेना. डॉक्टर, दलाल, वर्तमानपत्राची कचेरी असे सतत फोन येणारे ग्राहक एकाच शेकड्यात पडले की हमखास असं होई. बाहेर जाणाऱ्या कॉलांचा भार आयडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या तारा जोडायच्या चौकटीवर, तारा बदलून दुसरीकडे हलवता येतो, पण आत येणाऱ्या कॉलांची जागा नंबराला खिळलेली. नंबर बदलल्याशिवाय ती हलत नाही, आणि व्यापारी माणूस नंबर बदलायला तयार होत नाही.

मग दहाच वाटा का? बँकेत तेवढीच जागा, हे एक. पण किती वाटांवर किती कॉल झेपतील याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांगनं 1917मध्ये सूत्रात मांडलं, आणि ते बघण्यासारखं आहे. शंभरात एकच कॉल अडला तर चालेल असं धरलं, तर दहा वाटा सरासरी साडेचार कॉल एकाच वेळी झेलतात. वीस वाटा एकत्र ठेवल्या तर नऊ नव्हे, बारा झेलतात. गट मोठा केला की तीच सामग्री जास्त काम देते. दहाच बिंदूंच्या थराला हा फायदा पूर्ण मिळत नाही. म्हणून ग्रेडिंग नावाची तोडजोड निघाली: सुरुवातीचे बिंदू प्रत्येक गटाला स्वतंत्र, शेवटचे सगळ्यांना सामाईक. रॅकच्या मागे तारांचं जे जंगल दिसायचं त्यातलं बरंचसं हे ग्रेडिंग. पुढे दुहेरी बँकांचे सिलेक्टर आले, त्यांना एका थरात वीस वाटा मिळू लागल्या.

दुसरी शंका, रिसीव्हर ठेवला तरी समोरचा तिथेच. कॉल कुणाच्या जिवावर उभा आहे ते बघा. पुढे जोडून झाल्यावर प्रत्येक सिलेक्टर स्वतःचे ए, बी सोडून देतो आणि पी-वायरवरून पुढून येणाऱ्या अर्थवर टिकून राहतो. शेवटी हा अर्थ येतो फायनल सिलेक्टरमधून, आणि तिथला ए रिले धरलेला असतो फोन करणाऱ्याच्या लूपनं. म्हणजे साखळीचा मालक एकच, ज्यानं फोन केला तो. ज्याला फोन आला त्यानं रिसीव्हर ठेवला तर डी रिले सुटतो, पण साखळी तशीच. म्हणून खोलीतला फोन ठेवून हॉलमधला उचलला तरी बोलणं पुढे चालू. सोय होती, तशी डोकेदुखीही. फोन करणाऱ्यानं रिसीव्हर नीट ठेवला नाही, तो वाकडा राहिला, की ज्याला फोन आला होता त्याचा फोन अडकून पडे. त्याला ना डायल टोन, ना दुसऱ्याचा फोन. रॅकवर दिवा लागायचा, आम्ही त्याला सीएसएच म्हणायचो, म्हणजे ‘कॉल्ड सबस्क्रायबर हेल्ड’. काही वेळ थांबून तो कॉल हातानं सोडवावा लागे.

करणाऱ्यानं फोन ठेवला की मात्र सगळं एका दमात ओस. फायनलचा ए सुटतो, रेंगाळून बी सुटतो, अर्थ जातो आणि मागचे सगळे सिलेक्टर सुटतात. जुन्या बनावटीत दांडा स्प्रिंगनं उलटा फिरून धप्पकन खाली पडायचा. 2000 टाइप म्हणून जो नंतरचा सिलेक्टर आला तो पुढेच फिरून बँकेच्या बाहेर पडायचा, खाली यायचा आणि बँकेखालून मूळ जागी जायचा. सकाळी कचेऱ्या उघडायच्या वेळेला स्विचरूममध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. सरावलेला टेक्निशियन त्या गलक्यातही एखाद्या सिलेक्टरची अडखळलेली चाल ओळखून मान वळवायचा.

या थेट चालीची मोठी किंमत म्हणजे नंबर आणि रॅक यांची बांधिलकी. 3ला कुठला रस्ता हे तारांनी ठरलेलं. शहर वाढलं, उपनगरात नवं एक्स्चेंज आलं, की नंबरांची रचना मोडून पुन्हा घालायची. लंडनसारख्या ठिकाणी तर शेकडो एक्स्चेंजांचं जाळं, तिथे प्रत्येक एक्स्चेंजकडे जायला वेगळी वाट. त्यावर उपाय म्हणून आधी नंबर झेलून ठेवणारा, त्याचं भाषांतर करणारा आणि मग सोयीचे ठोके पुढे पाठवणारा संच मधे बसवला. लंडनच्या हॉलबर्नला 1927मध्ये तो सुरू झाला, त्याचं नाव डायरेक्टर. सिलेक्टर तेच स्ट्रॉजरचे, पण नंबर आता काही सेकंद का होईना साठवला जाऊ लागला. अमेरिकेत बेल कंपनीनं 1921मध्ये ओमाहाला पॅनेल पद्धत आणली तीही नंबर आधी झेलणारीच. क्रॉसबारनं हे टोकाला नेलं: रजिस्टर पूर्ण नंबर घेतो, मार्कर नावाचा सामाईक मेंदू क्षणात सगळी वाट ठरवून देतो आणि लगेच दुसऱ्या कॉलकडे वळतो. कागदावर ते स्ट्रॉजरपेक्षा केव्हाही हुशार. पण मार्कर बिघडला तर शेकडो ग्राहक एकदम बसतात, आणि स्ट्रॉजरचा एक सिलेक्टर बिघडला तर त्याला खुंटी मारून बाजूला ठेवता येतं, बाकी एक्स्चेंजला पत्ताही लागत नाही. ब्रिटनमधलं शेवटचं स्ट्रॉजर एक्स्चेंज, स्कॉटलंडच्या क्रॉफर्ड गावातलं, जून 1995पर्यंत चाललं. त्या टिकाऊपणाचं श्रेय मी यालाच देतो.

राहिली निनावी फोनची शंका. कॉल चालू आहे तोवर त्याचा माग असतो, तो म्हणजे उभे असलेले दांडे. तक्रारदाराशी आधी ठरवायचं, की असा फोन आला तर समोरच्याला बोलत ठेवा आणि शेजारच्या फोनवरून आम्हाला कळवा. कळलं की 352च्या फायनल सिलेक्टरांच्या रांगेत धावायचं आणि चौथ्या थरावर सातव्या बिंदूला कोण उभा आहे ते डोळ्यांनी शोधायचं. सापडला की पहिलं काम, त्याच्या पी-वायरला चिमट्यानं अर्थ देणं. आता करणाऱ्यानं फोन ठेवला तरी मागची साखळी सुटणार नाही. मग मागे-मागे. हा फायनल थर्ड सिलेक्टरांच्या कुठल्या थरातल्या कितव्या बिंदूवर येतो ते ग्रेडिंगच्या नकाशावरून काढायचं. तो बिंदू कितीतरी सिलेक्टरांना सामाईक असतो, त्यातला नेमका कुणाचा वायपर तिथे टेकलाय ते कव्हर काढून बॅटरीच्या उजेडात बघायचं. मग तसंच सेकंडला, तसंच फर्स्टला, आणि शेवटी युनिसिलेक्टर. त्यावरून आयडीएफ, त्यावरून नंबर. कॉल दुसऱ्या एक्स्चेंजमधून जंक्शनवर, म्हणजे दोन एक्स्चेंजांना जोडणाऱ्या लाइनीवर, आलेला असला तर तिथल्या माणसाला सर्व्हिस लाइनवर जंक्शनचा नंबर सांगायचा आणि त्यानं त्याच्या रॅकवर हीच पळापळ करायची. रात्रपाळीला एकच माणूस असला तर झालंच कल्याण.

आणि चिमटा लागायच्या आत फोन ठेवला गेला तर काहीच उरत नसे. कुणी कुणाला फोन केला याची नोंद करणारी वस्तूच एक्स्चेंजमध्ये नव्हती. मीटर होता, पण तो फक्त कॉल मोजायचा. लोकलला उचलल्यावर एक टोला, एसटीडीला अंतराप्रमाणे ठरावीक सेकंदांनी टोले. मोठ्या एक्स्चेंजांत मीटरांच्या पाटीचा फोटो काढून मागच्या आकड्यातून वजाबाकी करायची, तेच बिल. एवढे कॉल आम्ही केलेच नाहीत म्हणून ग्राहक भांडायला आला की त्याला दाखवायला आमच्याकडे ते दोन आकडेच असायचे.